एक्स्चेंज सेमिस्टरला निघालात? या चुका टाळा

एक्स्चेंजवर, म्हणजे इथल्या कॉलेजात नाव ठेवून एक सेमिस्टर परदेशी विद्यापीठात शिकायला, जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे वेळ फार थोडा असतो. पदवीसाठी गेलेल्याची पहिली सहामाही विस्कटली तरी पुढे आणखी सहामाह्या असतात. एक्स्चेंजवाल्याला मिळते ती एकच. पत्ता नोंदवण्यात एक महिना गेला, विषय बदलण्यात दुसरा गेला, की परतीचं तिकीट समोर येतं. आमच्या गोव्यातल्या मुलांचे कागद मी बघून देते. तेव्हा चुका त्याच त्याच दिसतात आणि त्यातल्या बहुतेक घर सोडण्याआधीच झालेल्या असतात. माझ्याकडची मुलं मुख्यतः युरोपात जातात, म्हणून उदाहरणं तिकडचीच देते.

"चवथ झाली की निघतो"

हे वाक्य दर वर्षी कानावर येतं. पोर्तुगाल आणि फ्रान्समध्ये सेमिस्टर साधारण सप्टेंबरात सुरू होतो, आणि २०२६ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, १४ सप्टेंबरला आहे. दीड दिवसाचा गणपती पोचवून लगेच निघालात तरी नव्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेला पहिला आठवडा बहुधा हुकतो. ओळखपत्र, विषयांची नोंदणी, वसतिगृहाची चावी, मदतीला नेमलेला स्थानिक विद्यार्थी हे सगळं त्याच आठवड्यात जुळतं. नंतर प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी अपॉइंटमेंट घ्यावी लागते. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला नातू नाही म्हणून आजीचा जीव तुटतो, हे मला कळतं. तरीही तिकीट चवथीच्या आधीचंच काढा.

जर्मनीला जाणाऱ्यांना ही अडचण येत नाही, कारण तिथले वर्ग ऑक्टोबरात भरतात. पण ते फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि तोवर इथला पुढचा सेमिस्टर अर्धा उलटलेला असतो. हजेरी आणि चुकलेल्या अंतर्गत परीक्षांचं काय करणार, हे कॉलेजकडून निघण्यापूर्वी लेखी घ्या. तोंडी "बघू मागीर" (नंतर बघू) ऐकून विमानात बसू नका.

क्रेडिट एकास एक मोजणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत एका सेमिस्टरला ३० क्रेडिट असतात. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार सेमिस्टरला साधारण २० असतात. म्हणजे तिकडचे ६ इकडच्या ४ च्या जवळपास बसतात. हे न पाहता "२० क्रेडिट हवेत ना" म्हणून तिकडे २० ईसीटीएसचे विषय घेतले, तर घरी परतल्यावर सहा-सात क्रेडिट कमी भरतात आणि ते विषय पुन्हा करावे लागतात.

गुणांचंही तसंच आहे. फ्रान्समध्ये गुण २० पैकी देतात, १० ला उत्तीर्ण होतात आणि १४ म्हणजे खरोखर चांगले गुण. इथे कोणी सरळ ७० टक्के करून टाकले तर पोरावर अन्याय होतो. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास. आपल्या दहाच्या मापाची सवय असलेल्या कारकुनाला १.३ दिसलं तर त्याच्या कपाळाला आठ्या पडणारच. म्हणून रूपांतराचा तक्ता लर्निंग ॲग्रीमेंटसोबत, म्हणजे तिकडे घ्यायच्या विषयांच्या करारासोबत, आधीच जोडा, त्यावर दोन्हीकडच्या सह्या घ्या. तिकडे गेल्यावर एखादा विषय बदलला तर बदललेल्या कागदावरही त्याच आठवड्यात सह्या घ्या.

नावाचं स्पेलिंग

गोव्यात ही अडचण जरा जास्तच येते. नाईक, कामत, शिरोडकर ही आडनावं जुन्या कागदांत पोर्तुगीज स्पेलिंगने असतात, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंगने, आणि पासपोर्टवर कधी तिसऱ्याच तऱ्हेने. पासपोर्ट, गुणपत्रिका, बँकेचं पत्र आणि आई-बाबांचा उत्पन्नाचा दाखला एका टेबलावर मांडा आणि अक्षर अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर व्हिसाची तारीख घेण्याआधी दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र करून घ्या.

बॅगेत काय भरलंय

आपल्याकडे पोरगं परदेशी निघालं की मावशी, काकी, शेजारीण सगळ्याच काहीतरी आणून देतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चवरिसांची (डुकराच्या मांसाच्या सॉसेजची) माळ, पेढे, मानकुराद आंबे, कडीपत्ता, सुकी सुंगटां (कोळंबी), आमसुलं, खाजें असा ढीग लागतो. यातले चवरिस आणि पेढे बाहेर काढा: मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून आणायला प्रवाशांना बंदी आहे. आंबे आणि ताजा कडीपत्ता यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून तेही घरीच ठेवा. सुकी सुंगटां मात्र चालतात, मासळीला २० किलोपर्यंत मुभा आहे. आमसुलं, खाजें, मसाला बिनधास्त न्या. नारळालाही प्रमाणपत्र लागत नाही, केळी आणि अननसालाही नाही. पण २३ किलोंच्या बॅगेत नारळ कोण भरणार!

तिकिटावर विमानतळ कोणता तेही पाहा. गोव्यात दोन आहेत: दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. फोंड्याहून दोन्हींचे रस्ते वेगळ्या दिशांना जातात, आणि रात्री दोन वाजता चुकीच्या विमानतळावर पोचलेल्या माणसाला वेळेत दुसरीकडे नेणारी टॅक्सी मिळणं कठीण.

फोटो बघून खोलीचे पैसे पाठवणं

खोली आतून न बघता, करार न वाचता अनामत पाठवू नका. विद्यापीठाच्या यादीतलं घर थोडं महाग असलं तरी पहिले दोन महिने तेच घ्या. भाड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा, की या पत्त्यावर नाव नोंदवता येईल का. जर्मनीत घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ते नसलं की नोंदणी अडते, आणि नोंदणी अडली की निवास परवान्यासकट पुढचे कागद रखडतात. मालक "नोंदणी नाही करता येणार" म्हणाला तर ती खोली कितीही स्वस्त असो, सोडा.

इथलं सिमकार्ड बंद पडू देऊ नका. इथल्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करा आणि रिचार्ज कोण करणार ते घरात ठरवून ठेवा.

व्हिसाचा स्टिकर न वाचता फिरायला निघणं

फिरणं हा एक्स्चेंजचा अर्धा अभ्यास आहे असं मी मानते. शनिवार-रविवार खोलीत झोपून काढणाऱ्या मुलाचं मला वाईट वाटतं. पण बस, ट्रेन किंवा विमान बुक करण्याआधी पासपोर्टातला स्टिकर नीट वाचा. त्यावर चार गोष्टी बघायच्या: कधीपासून कधीपर्यंत, व्हिसाचा प्रकार, किती दिवस राहता येईल, आणि प्रवेश किती वेळा. प्रवेशाच्या रकान्यात १ असेल तर शेंगेन क्षेत्राबाहेर (आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) पाऊल टाकलं की त्या व्हिसावर परत येता येत नाही. पोर्तुगालचा निवासासाठीचा व्हिसा चार महिन्यांचा आणि दोन प्रवेशांचा असतो. पुढचं निवासपत्र हातात यायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात लिस्बनहून मोरोक्को जवळ आहे म्हणून उडालात, तर उरलेला प्रवेश तिथेच खर्ची पडतो.

शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसूनही त्यात आहे. आयर्लंड संघात असूनही त्यात नाही. ब्रिटन कशातच नाही. पॅरिसहून लंडनला ट्रेनने सव्वादोन तासांत पोचता येतं, पण भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतोच. ज्या देशात शिकता तो सोडून इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, हेही मोजत राहा.

सीमेवर कोणी विचारत नाही म्हणून पासपोर्ट खोलीत ठेवून जाणारे बरेच असतात. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. पासपोर्ट आणि निवासपत्र दोन्ही अंगावर ठेवा, बॅगेत नको.

पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलीस तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथे नवा पासपोर्ट मागा. आपत्कालीन प्रमाणपत्र लवकर मिळतं, पण ते फक्त भारतात परतायला चालतं. ते घेतलंत तर सेमिस्टर तिथेच संपतो.

"परीक्षा झाली की महिनाभर युरोप फिरू" हा बेतही तपासून घ्या. परवाना बऱ्याचदा सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंतचाच असतो. मोठी भटकंती मधल्या सुट्टीत करा.

पोर्तुगीज पासपोर्टचा सोपा वाटणारा रस्ता

आजोबा १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज गोव्यात जन्मले, मग व्हिसाची कटकट कशाला, पोर्तुगीज नागरिकत्वच घेऊ, असा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, मतदानाचा हक्क जातो, सरकारी नोकरीची दारं बहुतेक बंद होतात. कोणाला पूर्ण विचाराने ते करायचं असेल तर तो त्या कुटुंबाचा निर्णय. पण पाच-सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी विसाव्या वर्षी हे पाऊल उचलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाईत परतणं

शेवटच्या आठवड्यात निरोपाच्या जेवणावळी असतात आणि कागद राहून जातात. गुणपत्रक कधी आणि कोणत्या पत्त्यावर पाठवणार ते विचारा, ईमेलवर सही-शिक्क्याची प्रत मागा. पत्त्याची नोंदणी रद्द करा, नाहीतर मागाहून बिलं येत राहतात. खोली सोडताना मालकासमोर फोटो काढा, मीटरचा आकडा लिहून त्याची सही घ्या. आणि तिकडचं बँक खातं अनामत परत जमा होईपर्यंत बंद करू नका.