फॉर्म तपासायचा तो कीबोर्ड उघडा ठेवून

करवीर, कागल, राधानगरीकडच्या दूध संस्थांना संकलनाचं ॲप द्यायचं असेल, तर ते गावात नेण्याआधी एक अख्खी दुपार फक्त कीबोर्डसाठी राखून ठेवा. डिझाइन दाखवताना फॉर्म पूर्ण पडद्यावर असतो आणि बैठकीत सगळे माना डोलावतात. संस्थेच्या सेक्रेटरीला मात्र तो तसा क्वचितच दिसतो. सकाळ-संध्याकाळ समोर किटल्या घेतलेल्यांची रांग आणि पडद्याचा जवळजवळ निम्मा भाग कीबोर्डने खाल्लेला. त्याच्या दृष्टीने ॲप म्हणजे वर उरलेला तुकडा, आणि आपली तयारी त्या तुकड्याची.

आधी फोन गोळा करा. आयफोनच्या सिम्युलेटरला (संगणकावर चालणाऱ्या नकली आयफोनला) संगणकाचा कीबोर्ड जोडलेला असला की पडद्यावरचा कीबोर्ड वर येतच नाही आणि सगळं झक्कास चाललंय असं वाटतं. कमांड आणि के दाबून तो वर आणता येतो, पण खरा फोन तो खराच. एक लहान पडद्याचा जुना अँड्रॉइड, एक नवा, एक आयफोन, एवढे तरी हवेत. जुन्या फोनवर अक्षरांचा आकार मोठा करून ठेवा, कारण चाळिशी लागलेला माणूस तसाच वापरतो. जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी घाला. कीबोर्ड उघडा असतानाच शब्द सुचवणारी पट्टी, इमोजी, एका हाताने टाइप करायची सोय हे सगळं चालू-बंद करून बघा. कीबोर्डची उंची त्यामुळे बदलू शकते. कोडमध्ये कुणी ती ठोक आकडा म्हणून लिहिली असेल तर तो आकडा तिथल्या तिथे खोडा. उंची सिस्टीमकडूनच घ्यायची.

मग बघायचं ते ‘जतन करा’ बटण. शेवटच्या चौकटीत कर्सर असताना ते दिसतं का, निदान सरकवून तरी हाती येतं का? कीबोर्ड आल्यावर खिडकीने काय करायचं याची अँड्रॉइडवरची सेटिंग ‘ॲडजस्ट पॅन’ ठेवली तर अख्खी खिडकी वर ढकलली जाते. कर्सरची चौकट दिसते खरी, पण वरचं शीर्षक पडद्याबाहेर जातं आणि खालचं बटण कीबोर्डमागे अडकतं. फॉर्मसाठी ‘ॲडजस्ट रिसाइझ’ (खिडकी आखूड करणारी सेटिंग) आणि सरकणारा मजकूर हीच जोडी बरी. आता त्यातही एक मेख आहे. अँड्रॉइड १५ (२०२४) वर, एपीआय ३५ टार्गेट केलेलं, म्हणजे याच आवृत्तीसाठी बांधलेलं ॲप पडद्याच्या काठोकाठ पसरतं आणि मग नुसत्या रिसाइझवर भागत नाही. कीबोर्डचा इनसेट, म्हणजे त्याने व्यापलेली जागा, स्वतः घेऊन खाली तेवढी जागा सोडावी लागते. ती सोडताना नेव्हिगेशन पट्टीची उंची वेगळी मिळवू नका, कीबोर्डच्या इनसेटमध्ये ती धरलेलीच असते. आयफोनवरही कीबोर्डच्या चौकटीत खालचा सुरक्षित भाग (तळाच्या काठाशी मोकळी सोडायची जागा) आलेला असतो. दोनदा मोजलं की कीबोर्डवर एक रिकामी पांढरी पट्टी उरते. ती दिसली की कुठे बघायचं ते कळलंच. आयओएस १५ पासून यूआयकिटमध्ये (ॲपलच्या पडदे बांधायच्या साधनांत) कीबोर्ड लेआउट गाइड, म्हणजे कीबोर्डबरोबर सरकणारी आधाररेषा आहे, तळाचं बटण त्याला बांधलं की हा हिशोब करावाच लागत नाही.

एकाच कोडमधून दोन्ही फोनांची ॲप बांधायला फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह वापरतात. फ्लटरवाल्यांनी खालून वर येणारी शीट जरूर उघडून बघावी. मुख्य पान स्कॅफोल्ड (फ्लटरचा पानाचा सांगाडा) आपोआप आवरतो, पण शीटमध्ये चौकट ठेवली की तळाची जागा हाताने द्यावी लागते आणि शीटची ‘इज स्क्रोल कंट्रोल्ड’ ही सेटिंग चालू करावी लागते. रिॲक्ट नेटिव्हमध्ये वेगळंच दुखणं असतं. स्क्रोलव्ह्यूमधलं, म्हणजे सरकणाऱ्या भागातलं, बटण पहिल्यांदा दाबलं की नुसता कीबोर्ड मिटतो, काम दुसऱ्यांदा दाबल्यावर होतं. ‘कीबोर्ड शुड पर्सिस्ट टॅप्स’ ही सेटिंग मुळात ‘नेव्हर’ असते म्हणून हे होतं. ती ‘हँडल्ड’ करा. गावाकडचा माणूस याची तक्रार करत नाही, तो प्रत्येक बटण दोनदा दाबायची सवय लावून घेतो आणि मग कुठेतरी नोंद दोनदा पडते.

आता चौकटी एकेक करून घ्या आणि प्रत्येकीला कुठला कीबोर्ड येतो ते बघा. दूध आणि फॅट यांत दशांश असतात. फॅट ६.५ लिहायची आहे आणि कीबोर्डवर टिंबच नाही, यासारखी फजिती नाही. आयफोनच्या ‘नंबर पॅड’वर टिंब नसतं, ‘डेसिमल पॅड’वर असतं. अँड्रॉइडवर साधा ‘नंबर’ प्रकार टिंब घेत नाही, ‘नंबर डेसिमल’ लागतो. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) या तिघांना दशांशाचा, मोबाइल नंबरला फोनचा. आयफोनच्या आकड्यांच्या कीबोर्डवर रिटर्नचं बटणही नसतं, म्हणून त्याच्या डोक्यावर ‘पुढे’ आणि ‘झालं’ अशी छोटी पट्टी आपणच द्यायची. ही पट्टी नसली तर माणूस कीबोर्ड मिटवायला पडद्यावर रिकामी जागा शोधत बसतो, आणि आपण तिथेही काहीतरी कोंबलेलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ मराठीला द्या. नावाची चौकट तपासताना ‘फक्त अक्षरं’ म्हणून युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या प्रमाण यादीचा) ‘एल’ हा एकच वर्ग लावला, तर काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त सगळे बाद होतात. ते ‘एम’ या जोडचिन्हांच्या वर्गात येतात. ‘राम’ लिहिलं तरी अडेल आणि ‘नाव चुकीचं आहे’ असं त्या माणसालाच ऐकवलं जाईल. कमाल लांबीचंही तेच. ‘कोल्हापूर’ आपल्याला चार अक्षरी दिसतं, पण युनिकोडच्या हिशोबात ९ चिन्हं आणि यूटीएफ-८ मध्ये (ती साठवायच्या पद्धतीत) २७ बाइट होतात. इंग्रजी धरून ठरवलेली मर्यादा आडनावाच्या मध्येच तोडते. आणखी एक म्हणजे रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवणारे पुष्कळ आहेत. शब्द पुरा होईपर्यंत तो कच्चा असतो, कीबोर्डच्या ताब्यात. दर अक्षराला मजकूर छाटायचा, मोकळ्या जागा काढायच्या असली सफाई ॲपने मध्येच केली की कर्सर उड्या मारतो आणि अक्षरं दुप्पट उमटतात. सफाई चौकट सोडल्यावर करा.

आकड्यांचं राहिलं. पत्त्यात कुणी ‘राजारामपुरी ८ वी गल्ली’ देवनागरी आठाने लिहील, कुणी इंग्रजी. तिथे दोन्ही चालतात, पण शोधताना दोन्ही एकच धरले पाहिजेत. सभासद क्रमांकात खरी गंमत आहे. मजकुराचा आकडा करताना जावाचं ‘पार्स इंट’ देवनागरी आकडे मुकाट्याने घेतं, जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र ‘अंक नाही’ म्हणून हात वर करतं. म्हणजे फोनवर जावा आणि सर्व्हरवर जावास्क्रिप्ट असेल तर फोनवर चालतं आणि सर्व्हरवर अडतं. आत घेतानाच इंग्रजी आकड्यांत बदलून ठेवा, पडद्यावर हवे तसे दाखवा.

मग एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीपर्यंतची वाट चाला. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, प्रत्येक ठिकाणी ‘पुढे’ने पुढची चौकट आली पाहिजे आणि शेवटी ‘झालं’ने जतन झालं पाहिजे. जतन झाल्यावर कीबोर्ड मिटवायचा नाही. कर्सर परत सभासद क्रमांकात, कीबोर्ड तसाच उघडा. रांगेतल्या प्रत्येकामागे कीबोर्डचं वर-खाली होणं बघायला कुणाला वेळ नाही. ‘जतन झालं’ची खालची पट्टी कीबोर्डमागे दडत असेल तर ती वर न्या. चूक दाखवणारी लाल ओळही चौकटीच्या खाली असेल तर झाकली जाते, म्हणून चुकीच्या चौकटीपर्यंत पान आपोआप सरकलं पाहिजे. शेऱ्याच्या चौकटीत बऱ्याच ओळी असल्याने एंटर नवी ओळ देणार, तिथे ‘झालं’ची अपेक्षा ठेवू नका.

बाकीचं भराभर. बॅक दाबल्यावर आधी कीबोर्ड मिटावा, फॉर्म बंद होऊ नये. दुसऱ्या पानावर जाताना कीबोर्ड मागे लटकत राहू नये. अँड्रॉइड आडवा धरला की कधीकधी कीबोर्ड चौकटीसकट अख्खा पडदा घेतो. फॉर्म उभाच ठेवणार असाल तर प्रश्न मिटला. ओटीपीच्या चौकटीला एकवेळच्या कोडचा प्रकार लावा, आयफोन मेसेजमधला आकडा कीबोर्डच्या वर आपणहून सुचवतो.

शेवटी फोन टीमबाहेरच्या माणसाकडे द्या, शक्यतो संकलनाच्या वेळेला, आणि आपण तोंड बंद ठेवा. पुढचं काहीतरी बघण्यासाठी तो ज्या ज्या पानावर कीबोर्ड मिटवेल, ते पान परत कामाला घ्या.