कचरा डेपोची फाइल टेबलावर आली तर

सिव्हिल किंवा पर्यावरण अभियांत्रिकी करून सल्लागार कंपनीत लागलात, की कधी ना कधी 'अमुक नगरपालिकेच्या कचरा डेपोचे विस्तारीकरण' अशी फाइल वाट्याला येतेच. माझ्याकडे ती दुसऱ्याच महिन्यात आली. बरोबरीच्या मुलांना उड्डाणपूल मिळाले होते. घरी विचारलं तर मी 'जमिनीचं काम आहे' एवढंच सांगायचे.

पहिल्या पानावर होतं: लोकसंख्या दीड लाख, माणशी 400 ग्रॅम, म्हणजे रोज 60 टन. 20 वर्षांसाठी जागा 8 हेक्टर. गुणाकार बरोबर होता, म्हणून मी थेट नकाशा काढायला घेतला. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "आधी काट्यावर जाऊन बस."

पाच दिवस वजनकाट्यावर बसले. भरलेल्या गाडीचं वजन होत होतं, पण रिकामी होऊन परत जाताना तिला कोणी थांबवत नव्हतं. रिकाम्या गाडीचं वजन वहीत कधीकाळी लिहिलेलं, तेच चालू. तिसऱ्या दिवशी एक डंपर ओतला गेला आणि खणखणला. कचरा पडताना असा आवाज होत नाही. वर भाजीपाला, खाली फुटक्या टाइल्स आणि विटा. ठेकेदाराला पैसे टनावर मिळत, त्यामुळे राडारोडा कचऱ्याच्या नावाने येत होता. तेव्हा सांगते, वही बघा, पण गाडी रिकामी होतानाही जवळ उभे राहा. गमबूट स्वतःचे न्या, तिथले कधी मापाचे नसतात.

मग गणित. दाबून बसवलेला कचरा घनमीटरला साधारण 0.85 टन धरतात. रोजचे 60 टन सगळेच गाडायचे तर वर्षाला जवळपास 25,800 घनमीटर, 20 वर्षांत सव्वापाच लाखांच्या आसपास. सरासरी 10 मीटर उंची धरली तरी पाच हेक्टर लागतात, वर रस्ते आणि बफर, म्हणजे भोवती सोडायचा मोकळा पट्टा, वेगळे. पण तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे भरावात, म्हणजे कचरा गाडायच्या जागेत, जायला हवा होता तो प्रक्रिया करून उरलेला, कशाच्याच कामाचा नसलेला भाग. ओल्याचं खत झालं, सुकं भंगारात आणि इंधनासाठी गेलं आणि 12 टनच उरले, तर तेवढीच वर्षं एका हेक्टरात निघतात. वर झाकायची माती धरा, थोडं वाढेल. म्हणजे जागेचा आकडा ठरतो तो घंटागाडीवर ओला-सुका वेगळा होतो की नाही यावर. आमच्या गावात होत नव्हता. गाडीला दोन कप्पे होते, डेपोत दोन्ही एकाच ढिगावर उलटे व्हायचे.

जागेचे निकष पाठ करून ठेवा. 2016 च्या नियमांत ते असे होते: नदीपासून 100 मीटर, तळं, महामार्ग, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर, विमानतळापासून 20 किलोमीटर. हे कागदावर सहज जुळतं. प्रत्यक्षात जाऊन टेप धरली तेव्हा आमच्या 200 मीटरच्या आत चार घरं निघाली, गुगलच्या जुन्या चित्रात नसलेली.

खरी फसगत भूजलाची. भूजल वर्षात सगळ्यात जास्त जिथवर चढतं, त्याच्या किमान दोन मीटर वर भरावाचा तळ हवा. आमच्या अहवालातल्या विहिरींच्या नोंदी मे महिन्यातल्या! आपल्या दख्खनच्या बेसाल्टात मेमध्ये विहीर तळाला जाते आणि पावसाळा सरता सरता तीच हाताने बादली बुडवता येईल इतकी वर येते. सप्टेंबरअखेर पुन्हा मोजलं तेव्हा खोदाईची खोली कमी करावी लागली. अजून एक. तळाला 90 सेंटिमीटर दाबलेली माती आणि तिच्यावर दीड मिलिमीटरची एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकची, चादर अंथरतात. काळी माती पाणी छान अडवते, पण उन्हात उघडी राहिली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. माती दाबली की चादर त्याच आठवड्यात, नाहीतर पुन्हा रोलर.

जुन्या ढिगाचं मोजमाप ड्रोनने वरून झालं होतं. खालचं कोण बघणार? शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं, "बाई, ही मुरुमाची खाण होती." बोअर घेतले, कचरा जमिनीच्या पातळीखाली चार मीटर निघाला. बायोमायनिंगचा, म्हणजे ढीग उकरून चाळायचा खर्च त्या एका वाक्याने वाढला. पण त्या ढिगाखाली तीन हेक्टर दबले होते, नगरपालिकेच्याच मालकीचे.

जनसुनावणीत मी लायनरचे, म्हणजे तळाच्या माती-चादरीचे, थर दाखवत होते. एक बाई उठल्या: "जुन्याला काय घातलंय खाली?" काहीच घातलेलं नव्हतं, तसं सांगितलं. त्यापुढे तासभर फक्त विहिरींचीच चर्चा झाली. आसपासच्या विहिरींचं पाणी तपासून निकाल हातात ठेवूनच अशा सभेला जा, मी गेले नव्हते.

शेवटचा प्रस्ताव असा गेला: नवीन जमीन नको, आधी जुना ढीग उपसा, रिकाम्या झालेल्या जागेत दीड हेक्टरचा शास्त्रोक्त भराव करा. मुख्याधिकारी खूश झाले नाहीत. 8 हेक्टरांची मागणी महसूल खात्याकडे आधीच गेली होती, ती मागे कशी घ्यायची हा त्यांचा प्रश्न. ते पत्रही शेवटी मलाच लिहावं लागलं.