जुन्या डिझेल पिकअपला जड ट्रॉली जोडताना

पुण्यातल्या धायरीत माझा जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा आहे. लग्नाची लॉन्स, गणपतीचे मांडव, बांधकामाच्या साइट्स, सगळीकडे सेट ट्रॉलीवर बसवून जुन्या बोलेरो पिकअपने ओढून नेतो. नवीन पोरं सेकंडहँड पिकअप घेतात आणि येऊन विचारतात, "काका, दीड टन ओढेल ना?" ओढेल. अडीच लिटरचं टर्बो डिझेल कमी आरपीएमलाच जोर धरतं. पण ती थांबेल का, हे कुणी विचारत नाही. गाडीचे ब्रेक हे गाडी आणि हौद्यातला माल एवढाच हिशेब धरून दिलेले असतात. उतारावर मागून दीड टन ढकलायला लागलं की तो हिशेब संपतो.

म्हणून पहिले पैसे ब्रेकवर घाला. पुढचे पॅड, मागचे लायनर आणि ड्रम उघडून बघा, गळणारा व्हील सिलेंडर लगेच बदला. ब्रेक ऑइल तर दोन वर्षांनी बदलायचंच. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. घाटात ब्रेक तापले की ते पाणी उकळून वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. आणि ट्रॉली टनाच्या वर असेल तर तिला स्वतःचे ब्रेक हवेतच, नसतील तर भाडं सोडून द्या. उतारावर ट्रॉली पुढे रेटली की ड्रॉबार, म्हणजे ट्रॉलीचा पुढचा ओढायचा दांडा, आत सरकून तिचे ब्रेक लागतात, अशी सोय असलेली ट्रॉली घ्या. तो सरकता भाग ग्रीस करून मोकळा ठेवा.

हूक बंपरला वेल्डिंग करून घेऊ नका. चेसिसच्या दोन्ही बाजूंना बोल्टने आवळलेलाच पाहिजे. पिनला लॉक हवं. साखळ्या दोन, आणि त्या ड्रॉबारखालून फुलीसारख्या आडव्या घ्या. पिन निघालीच तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांवर पडतो. ट्रॉलीची आरटीओ नोंदणी, नंबरप्लेट, मागचे दिवे, रिफ्लेक्टर हे सगळं आलंच.

आता वजन. अंदाजाने बोलू नका, वजनकाट्यावर जा. आधी ट्रॉली सोडवून तिचं एकटीचं पूर्ण वजन घ्या. मग पिकअपला जोडून फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर ठेवा. जो फरक येईल तेवढा भार हुकावर आहे. तो ट्रॉलीच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवा, म्हणजे दीड टनाला दीडशे ते सव्वादोनशे किलो. कमी असेल तर वेग घेतल्यावर ट्रॉली मागे शेपटीसारखी हलायला लागते. जास्त असेल तर पिकअपचं पुढचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. सेट पुढे-मागे सरकवून हे जमवा, आणि डिझेल टाकी भरलेली असतानाच मोजा. रस्त्यात ट्रॉली हलायला लागलीच तर जोरात ब्रेक मारायचा नाही आणि उलट स्टिअरिंग फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या.

ट्रॉलीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, तडे दिसले की बदला.

साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायचा असेल तर निघण्याआधी रेडिएटरच्या जाळीतला कचरा काढा, फॅन बेल्ट आणि होज बघा. चढावर इंजिन धापा टाकेपर्यंत वरच्या गिअरमध्ये रेटू नका, आधीच गिअर उतरवा. एसी बंद. टेंपरेचरचा काटा चढायला लागला तर सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन चालूच ठेवा. रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. वर पोचल्यावरही लगेच चावी फिरवू नका, दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. टर्बो तापलेला असताना त्याचं ऑइल थांबलं तर आत जळून बसतं.

परतीचा खरा कसोटीचा टप्पा म्हणजे कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलापर्यंतचा उतार. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका मोठ्या गाडीने चाळीसहून जास्त वाहनांना धडक दिली. मी रोज त्याच भागात राहतो, म्हणून कळकळीने सांगतो: डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. वाचतही नाही. गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलात की पंप डिझेल जवळजवळ तोडतोच, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलला जळत राहतं. इंजिन बंद केलंत तर दोन-तीन दाबांत ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. बोगद्यातून बाहेर पडायच्या आतच तिसरा गिअर टाका, ट्रॉली भरलेली असेल तर दुसरा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. नीट दाबा, वेग उतरवा, सोडा, थंड होऊ द्या. मागचे हॉर्न वाजवू देत.

मुक्कामी पोचलात की ट्रॉलीच्या प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हाताचा मागचा भाग न्या. एकच हब इतरांपेक्षा जास्त तापलेला असेल तर बेअरिंग खराब होत चाललंय किंवा ब्रेक चिकटलाय. ते उघडून बघितल्याशिवाय परत निघू नका.