सोलापुरात उष्ण कटिबंधातील फळे घरपोच मागवताना

रामबुतान, मँगोस्टीन, लाँगन यांसारखी फळे आता सोलापुरात घरबसल्या मागवता येतात. मात्र छायाचित्र आणि दर पाहण्याच्याही आधी ते फळ तोडल्यानंतर पिकते की नाही, हे माहीत करून घ्यावे. अॅव्होकॅडो, आंबा, पॅशन फ्रूट ही फळे घरी आल्यावरही पिकतात, म्हणून ती थोडी कच्ची मागवली तर प्रवास चांगला सोसतात. रामबुतान, लिची, लाँगन आणि ड्रॅगन फ्रूट ही फळे मात्र तोडली त्या क्षणी जेवढी गोड असतील तेवढीच गोड राहतात आणि पुढच्या प्रत्येक दिवसागणिक केवळ सुकत जातात. त्यामुळे ही फळे तोडणीची तारीख स्पष्ट सांगणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावीत; जो ती सांगत नाही, त्याच्याकडे स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत.

केरळमधील रामबुतानचा मुख्य हंगाम साधारण जून ते सप्टेंबर असतो आणि तोच काळ आपल्याही सोयीचा आहे, कारण मार्च ते मे या महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या घरात असताना कुरियरच्या बंद गाडीत नाजूक फळ टिकणे कठीण असते. शहराचा पिनकोड टाकल्यावर ‘सेवा उपलब्ध’ असे दिसले, तरी माल शीतगाडीने येणार की साध्या कुरियरने, आणि किती दिवसांत येणार, हे विचारून घ्यावे. पार्सल रविवारी गोदामात अडकू नये म्हणून ते सोमवारी किंवा मंगळवारी निघेल अशा बेताने मागणी नोंदवावी. ड्रॅगन फ्रूट मात्र दुरून मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सोलापूर आणि सांगली जिल्ह्यांतच त्याच्या बागा आहेत आणि पावसाळ्यात ते स्थानिक बाजारात ताजे मिळते.

खोके हाती येताच उघडावे आणि उघडतानाच चित्रीकरण करावे. मँगोस्टीनची पारख विशेष काळजीने करावी. त्याची जाड जांभळी साल अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबली पाहिजे; दगडासारखी कडक झाली असेल तर आतला गर बहुधा खराब झालेला असतो. फळाच्या तळाशी असलेल्या फुलासारख्या खुणेला जितक्या पाकळ्या, तितक्याच फोडी आत असतात, आणि पाकळ्या जास्त असतील तर फोडी लहान व बहुतेक बिनबियांच्या निघतात. गराला पिवळा चीक लागलेला असल्यास तेवढा भाग काढून टाकावा, कारण तो कडू लागतो. कडक अॅव्होकॅडो फ्रीजमध्ये ठेवू नये. केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवल्यास केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे तो लवकर पिकतो, आणि पिकल्यावरच फ्रीजमध्ये ठेवावा. रामबुतान आणि लाँगन मात्र आल्याबरोबर छिद्रे असलेल्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवावेत.

माल खराब निघाल्यास त्याच दिवशी छायाचित्रांसह लेखी तक्रार करावी. 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.