डिकीत एक फळी असू द्या

मागच्या पावसाळ्यात जिंतूरहून परभणीला येताना बोरीच्या अलीकडे माझ्या गाडीचं मागचं चाक बसलं. साइडपट्टी ओली होती. जॅक फिरवत गेले तसा गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच काळ्या मातीत रुतत गेला. शेतातल्या एका काकांनी फळी आणून जॅकखाली घातली, तेव्हा कुठे चाक उचललं. आणि स्टेपनी काढली तर तीही मऊ! त्यात वर्षभर कुणी हवा बघितलीच नव्हती.

तेव्हापासून हात-सव्वा हात लांबीची जाड फळी माझ्या डिकीत कायम असते. आपल्या भागात तिला पर्याय नाही.

चाक बदलायचं तर गाडी रस्त्यापासून लांब, सपाट जागी घ्या. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा. नट मात्र गाडी उचलण्याआधीच ढिले करायचे. चाक अधांतरी असलं की ते नुसतं फिरतं. हाताने जमत नसेल तर पाना नीट बसवून पायाने दाब द्या. माझं वजन पन्नास किलो, तरी सुटतात. नवं चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे घेत आवळा, ओळीने नको. गाडी खाली आली की पुन्हा एकदा घट्ट करा. गाडीखाली हात-पाय कधीच घालू नका.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर उपटू नका. तोच भोक बुजवून धरतो. हवा टिकून असेल तर सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जा. चाक पूर्ण बसलं असेल तर मात्र गाडी तशीच चालवत नेऊ नका, टायरची बाजू फाटते. बाजूला चीर पडलेला टायर जोडून वापरायचा नाही, बदलायचाच.

हवा पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असताना बघा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. मे महिन्यात ४२-४३ अंशात "ऊन आहे, हवा कमी करू" म्हणणारे भेटतात, ऐकू नका. कमी हवेने टायरच्या बाजू जास्त वाकतात, तापतात आणि तिथूनच फुटतात. एकच चाक सारखं उतरत असेल तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बदला. नाहीतर बाभळीचा काटा शोधा, तो आत मोडून राहतो आणि बाहेरून दिसत नाही.

स्टेपनीची हवाही त्याच फेरीत भरून घ्या. पंक्चरवाला आपणहून विचारत नाही, डिकी उघडून दाखवावी लागते.