पोट का उतरत नाही? या चुका टाळा

सोलापूरच्या होम मैदानावर सकाळी चालायला येणाऱ्यांतले निम्मे लोक तेच विचारतात, एवढं चालतोय तरी पोट का जात नाही ओ. खाण्याचं विचारलं की म्हणतात, छे, मी तर काहीच खात नाही.

तर सगळ्यात मोठी चूक, शेंगा चटणी. नावं ठेवत नाही, माझ्याही घरात डबा असतोच, पण लोक तिला तोंडी लावणं समजतात म्हणून ती हिशोबातच येत नाही. आमच्यातले एक अण्णा, भात बंद, गोड बंद, रात्री फक्त कडक भाकरी, तरी काटा जागचा हलेना. एकदा रात्री त्यांच्या घरी गेलो तर अण्णा टीव्हीसमोर, भाकरी कटाकट मोडतायत, वाटीत चटणी, वरनं तेल, आणि वाटी संपत आली की वहिनी न विचारता परत भरतायत. मी म्हटलं अण्णा हे काय, तर म्हणे भाजी पण नको म्हटलं, हलकंच खातोय की! आता बघा, १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण ५७० कॅलरी. ५० ग्रॅम चटणी म्हणजे २८० च्या आसपास, वर दोन छोटे चमचे तेल म्हणजे अजून ८०, आणि ७० किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी वेगात चालला तरी जळतात जेमतेम अडीचशे. सकाळचं अख्खं चालणं एका वाटीत गेलं, दुसरी वाटी वेगळीच. शेंगदाण्यात प्रोटीन असतं हे खरंय, १०० ग्रॅमला २५, पण फॅट त्याच्या जवळजवळ दुप्पट. मी ताटात दोन छोटे चमचे वाढून घेतो, झाकण लावून डबा आत ठेवतो, आणि तेलाऐवजी दही घेतो. अण्णांनी कुरकुर करत, वहिनींना दोष देत एवढंच केलं, आता बेल्ट एक भोक आत गेलाय.

उपवासाला साबुदाणा खिचडी खाऊन 'आज डाएट' म्हणू नका.

दोन चमचे साखरेचा चहा दिवसातनं पाच वेळा, म्हणजे नुसत्या साखरेच्याच २०० कॅलरी. 'अर्धाच' म्हणून सात वेळा घेणारे पण आहेत.

सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा लागला, मैदानावर जागा नाही, म्हणून चालणं बंद. गड्ड्यातली भजी मात्र चालू.

दुसरी डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे घाम. ऐन मे महिन्यात, ४० च्या वर पारा गेलेला असताना एक पोरगं पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून, वर जाडजूड जॅकेट घालून पळत होतं. कुणीतरी मोबाईलवर दाखवलं म्हणे. दीड किलो कमी झालं म्हणून खूश, आणि पाचच मिनिटांत डोळ्यापुढं अंधारी येऊन खाली बसलं. सावलीत नेलं, पाणी पाजलं, आणि दुसऱ्या दिवशी वजन जिथल्या तिथं. अरे बाबा, घाम म्हणजे पाणी, चरबी नव्हे. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, त्या तासाभरात कशा जातील? आणि उष्माघात झाला म्हणजे? नुसते पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते हे पण तसलंच खूळ, शरीर कुठली चरबी आधी काढायची ते आपल्याला विचारत नाही.

घाईवाले लोक भाकरी-भात एकदम सोडतात, पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात आणि गल्लीभर सांगत फिरतात. त्यातलं बरंचसं पाणी असतं, कारण शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर (म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेबरोबर) अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, साठा संपला की तेही जातं. पुढं काटा मंद होतो, की हे निराश होऊन परत पहिल्यासारखं सुरू. असल्यांना समजावायचा मला खरंच कंटाळा आलाय. भाकरी खा, एक कमी खा, बरोबर डाळ, मटकी, अंडी घ्या, नाहीतर चरबीबरोबर स्नायू पण जातात. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

आणि दिवसातनं चार वेळा काट्यावर चढू नका. मी रविवारी सकाळी चहाच्या आधी एकदाच बघतो, आणि बेंबीजवळ टेप लावून कंबर मोजतो, श्वास आत न ओढता.