येऊरच्या मुरमावर सायकलचं पुढचं चाक सटकायचं, ते असं थांबलं

ठाण्याजवळच्या येऊरच्या टेकड्यांत, सुक्या मुरमात वळण घेतलं की पुढचं चाक बाजूला सटकायचं. सरळ जाताना काहीच नाही.

आधी हवा २० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) उतरवली. दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटली, शेजारी शेजारी दोन भोकं. मग दुकानदाराचं ऐकून मधे सलग पट्टी असलेला टायर घातला. पैसे पाण्यात, वर कोपर सोललं.

शेवटी जुन्या टायरच्या बाजूवरचा आकडा वाचला: ५४-५८४. ५४ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ५८४ हा रिमवर बसतो तो व्यास, म्हणजे २७.५ इंची चाक. दुसरा आकडा तंतोतंत जुळायलाच हवा. पहिल्यात वाव असतो. फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत) टायरच्या दोन्ही बाजूंना ११ मिमी जागा निघाली, म्हणून पुढे ६०-५८४ (२.३५ इंची) घेतला, कडेचे नॉब (टायरवरचे रबरी उंचवटे) उंच आणि सुटे असलेला. मागे ५४च ठेवला. मागचं चाक थोडं सरकलं तर सावरता येतं.

बसवताना बाण फिरण्याच्या दिशेने. ट्यूबमध्ये किंचित हवा भरून आत घातली, टायरची कड शेवटी व्हॉल्व्हपाशी हातानेच चढवली, व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून ट्यूब मोकळी केली. थोडी जास्त हवा भरून रिमलगतची रेघ सगळीकडे सारखी दिसते का पाहिलं. मग पुढे २६, मागे ३० पीएसआय. माझं वजन ७० किलो.

चिखलाला फोर्कमध्ये आता उरलेली जागा पुरते का, ते जूनमध्ये कळेल.